मिस्सेचे थेट प्रक्षेपण आता थांबवावे का?

मांडवीकाठ

सर्व सभासदांना नमस्कार. मी मूळचा सावंतवाडीचा. नोकरीमुळे गोव्यात आलो आणि गेली बावीस वर्षे बार्देशातल्या एका लहानशा गावात राहतो आहे. आमच्या फिर्गज (एका चर्चशी जोडलेला समुदाय) मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे आणि तीत चर्चेला येणाऱ्या एका विषयावर टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ते लिहिण्यापूर्वी येथील जाणत्या मंडळींचे अनुभव ऐकावेत, म्हणून हा धागा काढतो.

२०२० च्या मार्च महिन्यात करोनामुळे चर्चमधील सार्वजनिक मिस्सा (सामूहिक उपासना) थांबल्या. २६ फेब्रुवारीला, राखेच्या बुधवारी, आम्ही सगळे कपाळावर राख लावून घेण्यासाठी रांगेत दाटीवाटीने उभे होतो आणि महिना उलटायच्या आत चर्चचे दार लागले. १२ एप्रिलच्या ईस्टरला आमचे पाद्री-विगार (चर्चचे प्रमुख धर्मगुरू), सांक्रिस्तांव (चर्चची देखभाल करणारा सेवक) आणि गायकवृंदातली दोन मुले एवढेच काय ते आत होते. त्या मुलांनी गाण्याची वही ठेवायच्या लाकडी घोडीला मोबाइल फोन दोरीने बांधला आणि मिस्सा घरोघरी पोहोचवली. पुढे गावातल्या एका परदेशस्थ कुटुंबाने कॅमेरा दिला, आणि तेव्हापासून रविवारच्या आठच्या मिस्सेचे प्रक्षेपण अखंड चालू होते. आता तो कॅमेरा नादुरुस्त झाला आहे. नवा घ्यावा, की प्रक्षेपणच थांबवावे, हा प्रश्न आहे.

माझे मत थांबवावे या बाजूला झुकते. चांगली धडधाकट माणसेही 'आज घरीच ऐकतो' असे म्हणू लागली आहेत, आणि चहा घेता घेता मिस्सा पाहणे मला पटत नाही. परंतु माझ्या सासूबाईंकडे पाहिले की लेखणी अडते. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि गुडघ्यांमुळे त्यांना घराच्या पायऱ्या उतरवत नाहीत. मी साडेसहाची मिस्सा ऐकून परततो तेव्हा त्या केस विंचरून, इस्त्रीचा फ्रॉक घालून टीव्हीसमोर बसलेल्या असतात. टीव्हीखालच्या फळीवर पांढरे कापड अंथरलेले असते आणि त्यावर मेणबत्ती तेवत असते. शुभवर्तमानाच्या वेळी त्या खुर्चीचा हात धरून उभ्या राहतात. शांती देण्याची वेळ झाली की मान वळवून मला हात जोडतात. मग कुमगाराची (पवित्र भाकर घेण्याची) वेळ येते, लोक पडद्यावर रांगेने पुढे जाऊ लागतात, आणि त्या डोळे मिटून तळहात मांडीवर उघडे ठेवतात. ते हात तसेच रिकामे राहतात.

आपापल्या गावात काय झाले, ते कृपया सविस्तर लिहावे.

आंबेली

प्रक्षेपण थांबवू नये. ज्यांना चालता येते त्यांनी चर्चला यावे म्हणून, ज्यांना चालता येत नाही त्यांच्या घरातली मिस्सा का काढून घ्यायची? माझे वडील नव्वदीला टेकले आहेत, त्यांच्या वतीने लिहिते आहे.

हळदोणेकर

मी थांबविण्याच्या बाजूचा आहे आणि त्याची कारणे मोकळेपणाने लिहितो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी महामारीत सांता मार्ता या आपल्या व्हॅटिकनमधील निवासस्थानातील रोजची मिस्सा ९ मार्च ते १८ मे २०२० या काळात जगभर दाखवू दिली, हे आपणा सर्वांना आठवत असेल. मात्र त्याच काळात, १७ एप्रिलच्या प्रवचनात, त्यांनी बजावले होते की लोकांवाचून आणि संस्कारांवाचून केवळ पडद्यावर उरलेले नाते म्हणजे चर्च नव्हे. आपण बोगद्यात आहोत ते त्यातून बाहेर पडण्यासाठी, तेथे मुक्काम करण्यासाठी नव्हे. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये व्हॅटिकनच्या उपासनाविषयक विभागानेही जगभरच्या बिशप मंडळांना पत्र पाठवून, कोणतेही प्रक्षेपण प्रत्यक्ष सहभागाच्या बरोबरीचे होऊ शकत नाही, असे स्पष्ट केले. आपण बोगद्यातून बाहेर आलो त्याला काही वर्षे झाली. मग आतला दिवा कोणासाठी जळत ठेवायचा?

दुसरे कारण आमच्या गावातले आहे. मिस्सा सुटल्यावर लोक चर्चच्या पटांगणात अर्धा तास उभे राहत. तेथे भाताचे, आंब्यांचे, मुलांच्या परदेशी जाण्याचे बोलणे चाले. पण त्या अर्ध्या तासात आज कोण आले नाही, हेही कळत असे. 'अमकी बाई दोन रविवार दिसली नाही' असे कोणी तरी म्हणे आणि संध्याकाळी कोणी तरी तिच्या घरी जाऊन येई. प्रक्षेपण आल्यापासून, न दिसणारा माणूस घरी पाहत असेल, असे आपण गृहीत धरू लागलो. गेल्या वर्षी आमच्या वाड्यावर एक गृहस्थ दीड महिना अंथरुणाला खिळून होते आणि कोणालाही पत्ता नव्हता. सगळ्यांना वाटत होते की ते घरूनच मिस्सा ऐकत असतील. याचे मला अजून वाईट वाटते, कारण त्यांचे घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

तारवटी

हळदोणेकर यांचे म्हणणे समजते, तरीही दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

माझे वडील जुलै २०२० मध्ये वारले. मी तेव्हा बोटीवर होतो. त्या वर्षी गोव्याचे कितीतरी तारवटी (बोटींवर काम करणारे) जगभरच्या बंदरांत अडकून पडले होते. बोट धक्क्याला लागलेली असे, पण खाली उतरण्याची परवानगी नसे. सिमितेरातली (दफनभूमीतली) प्रार्थना चुलतभावाने फोनवरून दाखविली. बोटीवरचे इंटरनेट तीनदा तुटले आणि तिन्ही वेळा त्याने पुन्हा जोडून दिले. माझ्या धाकट्या बहिणीने पेटीवर अबोलीचा गजरा ठेवला, तो मी पाहिला. पाद्रींनी माझे नाव घेऊन 'दूर असलेल्या मुलासाठी' प्रार्थना केली, ती ऐकली. माझ्या खोलीच्या दारात केरळचा एक आणि फिलिपिन्सचे दोन सहकारी टोप्या काढून उभे होते. त्यांना कोंकणी येत नव्हती, पण 'आमच्या बापा' सुरू झाले तेव्हा ते आपापल्या भाषेत माझ्याबरोबर म्हणाले.

त्यामुळे पडदा म्हणजे चर्च नव्हे, हे वाक्य वाचले की मी थबकतो. त्या दिवशी माझ्यापाशी तेवढेच चर्च होते.

सांजवात

मी हिंदू आहे, त्यामुळे मिस्सेविषयी मत देण्याचा अधिकार मला नाही. पण मांडवीकाठ यांनी गावात काय झाले ते विचारले आहे, म्हणून लिहिते. माझे सासर साळगावचे. टाळेबंदीच्या पहिल्या काही दिवसांत गोव्यात किराणा मालाची दुकानेसुद्धा बंद होती आणि पुढच्या आठवड्यात काय शिजवायचे, हीच सगळ्यांना चिंता होती. त्या दिवसांत आमच्या वाड्यावर संध्याकाळी एक नवी गोष्ट सुरू झाली.

सातला चर्चची घंटा वाजे. मग समोरच्या घरातल्या वृद्ध बाई बाल्कांवात (घरापुढच्या ओट्यावर) येऊन तेर्स (जपमाळेची प्रार्थना) सुरू करीत. त्यातल्या 'नमान मोरये' या मरियेच्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग त्या म्हणत आणि उत्तरार्ध पलीकडच्या घरातून येई, त्याच्या पाठोपाठ आंब्याच्या झाडामागच्या घरातून. आवाज एकत्र मिळत नसत, कारण अंतर होते. शेवटचे घर नेहमी दोन शब्द मागे असे. आमच्या तुळशीपाशी दिवा लावून झाला की मी तेथेच थांबत असे. माझ्या मुलाला ती प्रार्थना पाठ झाली आणि शेवटच्या घरातल्या आजोबांचा आवाज एके दिवशी आला नाही, हे सर्वांत आधी त्याने ओळखले. त्यांना ताप होता. पुढे ते बरे झाले.

मे महिन्यात खुरसाकडे (क्रुसापाशी) लादाइन्य (सामूहिक गायन-प्रार्थना) असते आणि त्यानंतर उकडलेले चणे वाटतात. त्या वर्षी गर्दी करायची नव्हती, म्हणून शेजारणीने चण्यांच्या पुड्या बांधून प्रत्येक घराच्या फाटकावर अडकविल्या. आमच्याही फाटकावर एक होती. चण्यांत खोबऱ्याच्या कातळ्या होत्या आणि कागद अजून कोमट होता.

डिचोलकर

सांजवात यांनी फार सुंदर लिहिले आहे. त्यांच्या निमित्ताने मलाही त्या एप्रिलची आठवण झाली.

म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचे (मरियेचे) फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, ईस्टरनंतर सुमारे दोन आठवड्यांनी सोमवारी येते आणि शिरगावच्या लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला. या दोघी बहिणी असल्याची आपल्याकडची श्रद्धा सर्वांना ठाऊक आहे. मिलाग्रीसच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन जातात, ते याच नात्याने. २०२० मध्ये योग असा आला की फेस्ताचा सोमवार २७ एप्रिलला होता आणि पंचमी दुसऱ्याच दिवशी, २८ एप्रिलला. दोघी बहिणींचे दिवस लागून आले आणि दोन्हीकडे माणसांना जाता आले नाही. माझे वडील व्रतस्थ धोंड (लईराईच्या जत्रेत होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालणारे भक्त) होते. त्यांनी त्या वर्षी सोवळे पाळले, उपवास केला, वेताची काठी पुसून भिंतीला टेकवून ठेवली आणि रात्रभर घराच्या ओट्यावर बसून काढली. होमकुंडाचे प्रक्षेपण असते तर त्यांनी ते पाहिले असते का, हे मी त्यांना एकदा विचारले होते. 'अग्नी लांबून बघायचा नसतो' एवढेच ते म्हणाले. माझ्या मते हळदोणेकर हेच सांगत आहेत.

हळदोणेकर

@तारवटी, आपले लेखन मी दोनदा वाचले. आपल्याला दुखवायचा हेतू नव्हता; तसे झाले असल्यास मी मनापासून क्षमा मागतो. अडचणीत सापडलेल्या माणसासाठी प्रक्षेपण असावे, याला माझा विरोध नाही. माझा विरोध दर रविवारी, सर्वांसाठी, कोणतेही कारण न विचारता चालणाऱ्या प्रक्षेपणाला आहे. मात्र या दोन गोष्टी वेगळ्या कशा ठेवायच्या, याचे उत्तर माझ्यापाशी आज नाही.

वाळपईकर

मी परिचारिका आहे आणि त्या दोन्ही वर्षी कोविड कक्षात काम केले आहे. गोव्यातील करोनाचा पहिला मृत्यू २२ जून २०२० रोजी नोंदला गेला. ती व्यक्ती आमच्या सत्तरीतल्या मोर्ले गावची होती. दोन दिवसांनी सांजांव (संत जॉनचा सण) होता, पण त्या वर्षी डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून विहिरीत उड्या मारणारे जथे कोठेही फिरले नाहीत.

प्रक्षेपणाविषयी बोलण्यापूर्वी मला दफनाविषयी बोलायचे आहे, कारण चर्च म्हणजे काय, हे मी तेथे पाहिले. नियमानुसार मृतदेह बंद पिशवीत असे, जवळचे मोजके नातलग लांब उभे राहत आणि संरक्षक पोशाखातले चार-पाच स्वयंसेवक पेटी उतरवीत. हे स्वयंसेवक कोण होते? गावातलीच मुले. एक पेटीकाम करणारा सुतार, एक फुटबॉल खेळणारा, एक बँकेत कारकून. त्यांना कोणी सक्ती केली नव्हती. एका दफनाच्या वेळी मुसळधार पाऊस होता. पाद्री मास्क लावून, चिखलात उभे राहून प्रार्थना वाचत होते आणि पावसाच्या आवाजात काहीच ऐकू येत नव्हते. मृताची पत्नी स्वतः बाधित असल्याने घरीच होती. तेव्हा त्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलाने प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन घालून तो पाद्रींच्या तोंडाजवळ धरला आणि संपूर्ण प्रार्थना होईपर्यंत हात खाली घेतला नाही. नंतर पोशाख उतरविताना त्याचा दंड थरथरत होता.

थेट प्रक्षेपण म्हटले की मला तो हात दिसतो. जेथे असा हात आहे तेथे प्रक्षेपण असावे. नुसता कॅमेरा भिंतीला ठोकून निघून जायचे असेल, तर त्याचा फारसा उपयोग नाही.

तांबडी माती

एक व्यावहारिक मुद्दा. दफनविधीचे चित्रण इंटरनेटवर कायमचे राहते, हे अनेक कुटुंबांच्या लक्षातही येत नाही. रडणाऱ्या माणसांचे चेहरे कोणीही, केव्हाही पाहू शकतो. कुटुंबाने मागितले तरच प्रक्षेपण करावे आणि ठरावीक दिवसांनी ते काढून टाकावे.

जुनी पाने

चर्चा थोडी मागे नेतो, पण विषय सोडत नाही.

गोव्याला साथ नवी नाही. १५४३ मध्ये गोवा शहरात (आजच्या जुने गोवे येथे) पटकीची भयंकर साथ आली होती. गास्पार कुरैया या पोर्तुगीज इतिवृत्तकाराने तिचे वर्णन केले आहे आणि स्थानिक लोक या रोगाला 'मोरिशी' म्हणतात, असे नोंदले आहे. हा आपलाच 'मोडशी' शब्द आहे. आजही आपण अजीर्ण होऊन पोट बिघडले की मोडशी झाली म्हणतो. पुढे १५६३ मध्ये गार्सिया द ऑर्ता याने गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात याच रोगाची लक्षणे तपशीलवार दिली. कुरैया लिहितो की मृत्यू इतके होत होते की दिवसभर चर्चच्या घंटा वाजत राहत, आणि लोकांनी घाबरून जाऊ नये म्हणून अखेर गव्हर्नराने त्या घंटा वाजविण्यास मनाई केली. पुढच्या शतकांत साथींनीच ते शहर रिकामे केले. १७५९ मध्ये व्हिसेरेईचे (पोर्तुगीज राजप्रतिनिधीचे) निवासस्थान पणजीला हलले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. आपल्याकडे सां सेबास्तियांवची (संत सेबास्तियनची) जी कपेले (लहान प्रार्थनामंदिरे) आढळतात, त्यांच्यामागेही साथीची भीती आहे. हा संत प्लेगपासून राखतो, अशी युरोपातली जुनी श्रद्धा होती.

हे सगळे लिहिण्याचे कारण सांजवात यांचा प्रतिसाद. १५४३ मध्ये भीतीमुळे घंटा बंद झाल्या. २०२० मध्ये चर्चचे दार बंद झाले, पण घंटा चालू राहिली आणि तिच्या आवाजावर वाड्यावरच्या घरांनी तेर्स म्हटली. ज्या बैठकीत कॅमेऱ्याचा हिशेब होईल, तेथे घंटेची दोरी ओढणाऱ्या सांक्रिस्तांवाचे नावही घेतले जावे. रविवारची दानपेटी रिकामी असताना अनेक ठिकाणी या माणसांचे वेतन रखडले होते.

सूरपेटी

जुनी पाने यांनी सांक्रिस्तांवांची आठवण काढली, हे फार चांगले केले.

मी गायकवृंदात व्हायोलिन वाजविते. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने प्रार्थनास्थळांसाठी जे नियम जाहीर केले, त्यांत मूर्तींना स्पर्श नको, तीर्थ शिंपडणे नको, सामूहिक गायन नको, शक्यतो ध्वनिमुद्रित संगीत लावावे, असे होते. गायन हा आमच्या लोकांचा श्वास आहे; त्या नियमाने आमची छाती बांधल्यासारखी झाली. ३० मार्च २०२० ला गोवे वेल्हा येथील संतांची पुरसांव (मिरवणूक) व्हायची होती, ती झाली नाही. उपवासकाळातले मोतेत (अनेक आवाजांची धार्मिक गाणी) त्या वर्षी आम्ही घरात बसून एकेकट्याने वाजविले, आणि मोतेत एकट्याने वाजवून पाहिल्यावरच कळते की त्यातला अर्धा भाग दुसऱ्याची वाट पाहण्याचा असतो.

प्रक्षेपणाबाबत माझी तक्रार वेगळी आहे. कॅमेरा आला तेव्हा ध्वनिक्षेपक (माइक) आमच्याजवळ सरकले, आवाज स्वच्छ जावा म्हणून. घरी ऐकणाऱ्यांना गाणे छान ऐकू येऊ लागले. पण बाकांवरचे लोक हळूहळू गायचे थांबले. 'तुम्ही इतके चांगले गाता, आम्ही कशाला मध्ये' असे एका बाईंनी मला सांगितले, तेव्हा मला आनंद झाला नाही. कॅमेरा ठेवणार असाल तर एक ध्वनिक्षेपक बाकांकडे वळवावा, अशी माझी विनंती आहे.

आंबेली

सूरपेटी यांचे वाचून वडिलांना विचारले, की टीव्हीवर मिस्सा पाहताना त्यांना काय कमी वाटते. मला वाटले होते, कुमगार म्हणतील. ते म्हणाले, "तो कॅमेरा सारखा आल्तारीकडे (वेदीकडे) असतो. पाद्रीला मी साठ वर्षे पाहिले. एकदा तरी बाके दाखवा म्हणावे. कोण आले, कोणाच्या घरचे मूल मोठे झाले, कोणाच्या अंगावर शोकाचा काळा पोशाख आहे, ते मला दिसत नाही." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आणि मीही कोणाला दिसत नाही."

हळदोणेकर

आंबेली, आपल्या वडिलांचे शेवटचे वाक्य वाचले आणि उठून त्या शेजारच्या गृहस्थांकडे जाऊन आलो, ज्यांच्याविषयी मी आधी लिहिले होते. आता ते काठी घेऊन चालतात. त्यांनी सांगितले की अंथरुणावर असताना त्यांनी एकही रविवार प्रक्षेपण पाहिले नव्हते, कारण त्यांना फोन वापरता येत नाही. आपण दोन्ही बाजूंनी चर्चा करीत बसलो आणि ज्यांच्यापर्यंत मिस्सा पोहोचतच नाही, अशांचा विचार कोणीच केला नाही.

वसईवाली

मी वसईची, लग्नानंतर मडगावला आले. आमच्याकडे फिर्गजेला धर्मग्राम आणि पाद्रींना धर्मगुरू म्हणतात, पण प्रश्न सारखेच आहेत.

मला वाटते, मूळ प्रश्न कॅमेऱ्याचा नाहीच. मांडवीकाठ यांनी पहिल्याच प्रतिसादात रिकाम्या हातांविषयी लिहिले आहे, आणि त्यानंतर आपण सगळे पडद्याविषयी बोलत राहिलो. आजारी माणसाच्या घरी कुमगार नेण्याची प्रथा चर्चमध्ये पहिल्या शतकांपासून आहे. त्यासाठी पाद्रींबरोबर प्रापंचिक (पाद्री नसलेले) सेवकही नेमता येतात. बहुतेक ठिकाणी मात्र हे महिन्यातून एकदा, पहिल्या शुक्रवारी वगैरे होते. माहेरच्या धर्मग्रामात महामारीनंतर त्यांनी असे केले: टाळेबंदीत धान्य वाटण्यासाठी प्रत्येक वाड्यावर एकट्या राहणाऱ्या आणि वृद्ध माणसांच्या ज्या याद्या केल्या होत्या, त्या फेकून न देता पुन्हा हातात घेतल्या. रविवारची मिस्सा संपताना सेवक आल्तारीपाशी येतात, सर्वांसमोर त्यांच्या हाती कुमगाराच्या डब्या दिल्या जातात आणि ते तेथूनच घरोघरी निघतात. मिस्सा ऐकणाऱ्या सगळ्यांना दिसते की आज कोणाकोणाकडे जाणार आहेत.

आपल्याकडेही टाळेबंदीतल्या याद्या असतीलच. त्या शोधाव्यात.

वाळपईकर

वसईवाली यांच्या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. एवढेच सुचविते की सेवकांनी घरात शिरताना हात धुवावेत आणि खोकला असेल त्या रविवारी जाऊ नये. हे आपण शिकलो आहोत, ते विसरू नये.

मांडवीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या धाग्यावर आलो तेव्हा माझे टिपण जवळजवळ लिहून तयार होते. ते मी फाडून टाकले आणि नव्याने लिहिले. टाळेबंदीतली यादी आमच्या सांक्रिस्तांवांकडे सापडली. एका शाळकरी वहीच्या मधल्या पानांवर वाड्यावार नावे, प्रत्येकापुढे तांदूळ, डाळ, तेल आणि औषधाची नोंद. कित्येक नावांवर आता फुली आहे. बैठक झाली की येथे कळवितो.

मांडवीकाठ

बैठक आणि त्यानंतरचा पहिला रविवार, दोन्ही पार पडले, म्हणून लिहितो.

साधा कॅमेरा घ्यायचे ठरले. प्रक्षेपण फक्त रविवारच्या आठच्या मिस्सेचे राहील आणि ते दुसऱ्या दिवशी काढून टाकले जाईल. दफनविधीचे प्रक्षेपण कुटुंबाने मागितले तरच होईल. एक ध्वनिक्षेपक बाकांकडे वळविला आहे, आणि शांती देण्याच्या वेळी कॅमेरा लोकांकडे फिरविण्याचे गायकवृंदातल्या मुलांनी कबूल केले आहे. आंबेली, हे वडिलांना जरूर सांगावे. काही सभासद अजूनही नाराज आहेत. सहा महिन्यांनी पुन्हा विचार करू, असे त्यांना सांगितले आहे. जुनी यादी तपासून नवी केली, तीत तेवीस नावे आहेत, आणि त्यांपैकी सहा घरांत प्रक्षेपण पाहण्याचे कोणतेच साधन नाही. पाच सेवक तयार झाले आहेत.

सासूबाईंनी या रविवारी पांढरे कापड टीव्हीखालून काढून दाराजवळच्या लहान मेजावर अंथरले. सेविका पावणेदहाला आली. तोवर मिस्सा संपून बराच वेळ झाला होता, पण त्या फ्रॉक न बदलता आणि काही न खाता तशाच बसून होत्या. प्रार्थना झाल्यावर त्यांनी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून पुढे केले. बोटे संधिवाताने वाकडी झाली आहेत, ती सरळ करण्याचा त्यांनी प्रयत्न केला. सेविका गेल्यावर त्यांनी मला विचारले, की ती आता कोणाकडे जाणार आहे. मी तीन नावे सांगितली. त्यांतली एक त्यांची शाळेतली मैत्रीण निघाली.

एक अडचण शिल्लक आहे. सड्यावरची चार घरे लांब आहेत आणि तेथे जाणाऱ्या सेविकेकडे वाहन नाही. साळगाव, पिळर्ण, गिरी या बाजूला राहणारे कोणी रविवारी सकाळी तासभर मदत करू शकेल का?

सांजवात

साडेनऊनंतर माझी गाडी मोकळी असते. चर्चच्या फाटकापाशी येऊन थांबेन. सेविकाबाईंना तसे कळवावे.